झुंबरांचे ओझे

शिंद्यांच्या कवायती पलटणींची आठवण नावात जपणाऱ्या ग्वाल्हेरच्या कंपू भागापासून जयविलास प्रासाद फारसा दूर नाही. जयाजीराव शिंदे यांच्यासाठी मायकेल फिलोज याने 1874 साली तो उभारला. त्याच्या दरबार दालनात प्रत्येकी सुमारे साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे आहेत. ती टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याच्या बळाची परीक्षा घेण्यात आली, असे सांगतात. शोभेलाही वजन असते आणि ते कोणाला तरी पेलावे लागते, हे त्या कारागिरांस ठाऊक होते. संगणकाच्या पडद्यावर मात्र पुष्कळदा झुंबर आधी टांगले गेले व छताची विचारपूस मागाहून झाली.

2001 साली ‘विंडोज एक्सपी’ निळ्या पट्ट्या व गोलसर कोपरे घेऊन आली. 64 मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावरही ती कशीबशी चाले. पण अशा यंत्राचा धनी लवकरच रंगरंगोटी बंद करून जुने करडे रूप पत्करी. तशी सोय ठेविली होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. मौज अशी, की ही सजावट न मागता मिळे आणि देवनागरी जोडाक्षरे नीट दिसण्यासाठी मात्र मूळ तबकडी घालून वेगळी सामग्री चढवावी लागे. शोभा कोणती व गरज कोणती, ह्याचा निवाडा मराठी लिहिणाराला न विचारताच झाला होता.

जानेवारी 2007 मध्ये ‘व्हिस्टा’ आली आणि तिच्यासोबत ‘एरो’ नावाची काचेसारखी पारदर्शक सजावट. त्यापूर्वी झाकलेल्या खिडकीचे चित्र यंत्र सहसा राखून ठेवीत नसे; वरची खिडकी सरली की खालची पुन्हा रेखाटली जाई. एरोत प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्र राखून ती सर्व एकावर एक रचण्याचे काम चित्रप्रक्रियकाकडे आले. 1024 गुणिले 768 बिंदूंचे एक चित्र, दर बिंदूस 4 बाइट धरल्यास, 3 मेगाबाइटचे होते. दहा खिडक्या उघडल्या की 30. म्हणूनच 1 गिगाबाइट स्मृती व 128 मेगाबाइट चित्रस्मृतीची अपेक्षा होती. चांगला चित्रप्रक्रियक असेल तेथे मुख्य प्रक्रियकाचा भार उलट हलका होई. तेव्हा सगळा दोष सजावटीच्या माथी मारणे बरोबर नव्हे. परंतु व्हिस्टा चालेल अशी चिठ्ठी लावून विकलेली पुष्कळ यंत्रे एरो दाखवूच शकत नव्हती. त्यावरून अमेरिकेत ग्राहकांनी 2007 सालीच दावा लावला. 2009 मध्ये न्यायालयाने त्याचे सामूहिक स्वरूप काढून घेतले. ह्याच व्हिस्टात देवनागरी मात्र वेगळी सामग्री न चढविता दिसू लागली, हेही नोंदवावयास हवे.

2009 च्या ‘विंडोज 7’ ने प्रत्येक खिडकीची जास्तीची नक्कल ठेवणे सोडून स्मृती वाचविली. 2012 च्या ‘विंडोज 8’ ने काच उतरवूनच टाकली. 2021 साली ‘विंडोज 11’ आली, तेव्हा गोलसर कोपरे व अर्धपारदर्शक पट्ट्या परत आल्या होत्या आणि किमान स्मृती 4 गिगाबाइट झाली होती. पारदर्शकता बंद करण्याची कळ तीतही आहे. जुन्या यंत्राचा धनी पहिल्या दिवशी तीच शोधतो.