मामाचा तलाव कोणाचा?

सहावीत बाईंनी विचारलं होतं, "आपल्या शाळेमागच्या तलावाला मामा तलाव का म्हणतात?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "कोणाच्या तरी मामानं बांधला असंल!" अख्खा वर्ग हसला. (उत्तर देणारा कोण, हे त्याला आणि आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. आता तो गावचा प्रतिष्ठित नागरिक असल्यामुळे नाव लिहीत नाही.) मग बाईंनी फळ्यावर लिहिलं: मा. मा., म्हणजे माजी मालगुजारी. मी ते वहीत उतरवलं, चाचणीत एक गुण मिळवला आणि विसरून गेले.

गेल्या वर्षी स्नेहमेळाव्याच्या तयारीची बैठक झाली, तेव्हा आपल्या बॅचतर्फे गावासाठी काही करावं असं ठरलं. बहुतेकांचं मत पडलं, तलावाचं सुशोभीकरण करू. पाळीवर पेव्हर ब्लॉक, बाकडी, दिवे, जमलं तर दोन नावा, आणि पोकलेन लावून तलाव चांगला खोल करून घेऊ. मीही हात वर केला. ठराव मंजूर झाल्यावर आराखडा काढायचं काम, "तू कंप्युटरवाली" म्हणून, माझ्याकडे आलं. त्या आराखड्यासाठी जुने नकाशे आणि पुस्तकं चाळायला बसले आणि अडकलेच. हा लेख म्हणजे त्या आराखड्याऐवजी दिलेला हिशेब समजा.

आपली दहावी झाली तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडारा जिल्ह्यातले होतो. 1999 मध्ये जिल्हे वेगळे झाले, पण 'तलावांचा जिल्हा' हे बिरुद दोघांनीही सोडलं नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून असे सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. ते इथेच एवढे का, याचं उत्तर आपल्या धानात आहे. आपल्याकडे पाऊस कमी पडतो असं कोणी म्हणणार नाही. पण तो जून ते सप्टेंबर धो धो पडतो आणि नेमका धान निसवायच्या वेळी हस्ताचा पाऊस दगा देतो. त्या दोन-तीन आठवड्यांत एक-दोन पाणी मिळालं तर पीक, नाही तर तणस. तलाव बांधले गेले ते त्या एक-दोन पाण्यांसाठी. बारमाही भरलेला जलाशय ही कल्पनाच त्यांच्यामागे नव्हती.

बांधले कोणी? सगळ्यांत जास्त नाव घेतलं जातं कोहळी समाजाचं. चांद्याच्या एका गोंड राजानं काशीहून परतताना त्यांना आणलं, अशी परंपरा रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात नोंदवली आहे. धान आणि ऊस ही कोहळ्यांची आवडती पिकं, आणि दोन्हींना हातातलं पाणी लागतं. पोवारांनीही तलाव बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावानं भिजणारी जमीन वंशपरंपरेनं मिळेल, असा करार गोंड राजांनी, विशेषतः हीरशहानं, केल्याचं सांगितलं जातं. आपल्या नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याची कथा आपण सगळ्यांनी सहलीत ऐकली आहे. सात बहिणींनी म्हणजे भोवतीच्या टेकड्यांनी त्यांना मदत केली आणि पुढे कोलू पाटलाचाच कोलासूर देव झाला. तलाव बांधला म्हणून माणसाचा देव होतो, ही गोष्ट मला तेव्हा नुसती गंमत वाटली होती. डोक्यावर टोपल्या घेऊन ती माती वाहिली कोणी, त्यांची नावं मात्र कथेतही नाहीत आणि गॅझेटियरमध्येही नाहीत.

आता जरा बांधणीकडे येते, कारण माझं खरं अडकणं तिथे झालं. दोन टेकड्यांच्या मधली सखल जागा हेरायची, उताराच्या बाजूनं मातीची पाळ घालायची. वरच्या बाजूचं जंगल राखायचं, म्हणजे पाणी येईल पण माती कमी येईल. जादा पाण्याला एका कडेनं सांडवा. त्याचं पाणी खालच्या तलावात, तिथलं आणखी खालच्या बोडीत. म्हणजे तलाव एकेकटे नाहीत, माळेत ओवलेले आहेत. वरच्याची पाळ फुटली की खालच्यांचं काही खरं नसतं. आणि पाळीला तुडूम, पाणी सोडायचं दार. आपल्या तलावाचं जुनं तुडूम तुम्हाला आठवत असेल. वेगवेगळ्या उंचीवर भोकं आणि त्यांत ठोकलेल्या लाकडी खुंट्या. आपण तिथून उड्या मारायचो आणि पाणी सोडणारा म्हातारा शिव्या द्यायचा. वरची खुंटी काढली की वरचं पाणी जातं, ते उतरलं की त्याखालची काढायची. पंप नाही, डिझेल नाही. पाणी आपल्या वजनानं पाटात उतरतं आणि बांधीतून बांधीत जातं.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी बैठकीत आपल्यापैकी एकाच्याही लक्षात आली नाही. तुडुमाच्या सर्वांत खालच्या भोकापेक्षा खोल खोदलं, तर त्या खड्ड्यातलं पाणी शेतात आपोआप जाणारच नाही. पोकलेननं केलेला खोल तलाव फोटोत छान दिसेल, पण शेतकऱ्याच्या हाती त्यातलं वाढीव पाणी पंपाशिवाय लागणार नाही. शिवाय पाळीच्या पायथ्याशी खोदलं तर पाळच कमकुवत होते. उथळ कड गेली की देवधान, कमळ, शिंगाडा गेला, त्यात अंडी घालणारे मासे गेले आणि कडेनं चरणारे पक्षीही गेले. गाळ काढायचाच नाही असं मी म्हणत नाही. तो काढलाच पाहिजे. पूर्वी उन्हाळ्यात बैलबंड्या पोटात उतरायच्या आणि वरचा वर गाळ खरवडून शेतात टाकायच्या. तलावही मोकळा आणि शेतालाही खत. बशीसारखा तलाव बशीसारखाच राहायचा.

हे सगळं चालायचं कशावर? माणसांच्या वाट्यावर. ज्याची जितकी जमीन भिजते, त्यानं पाळीच्या दुरुस्तीला त्या मानानं हात लावायचा. मालगुजारानं ते करून घ्यायचं. नागपूरचं राज्य इंग्रजांनी घेतल्यावर 1860 च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी दिली गेली, तलावासकट. मात्र गावकऱ्यांचे निस्तार हक्क वाजिब-उल-अर्जमध्ये लिहून ठेवले गेले: जनावरांना पाणी, वापराला पाणी, ठरलेल्या शेतांना ओलीत. मालकी एकाची, हक्क अनेकांचे.

हा काळ फार गोड होता असं लिहायचा मोह मला झाला होता. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते, ते खोडले. मालगुजाराच्या उसाला पहिलं पाणी जायचं. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला टोपली यायची, पाणी नाही. वेठ होती. तलावात मासे धरणारे ढिवर तर दोन्हीकडून लटकलेले. पाळ सांभाळली जायची, कारण न सांभाळण्याची मुभा कोणाला नव्हती, हेही तितकंच खरं.

मग 1950 चा मालकी हक्क निर्मूलन कायदा आला. आपण तेव्हा मध्य प्रदेशात होतो. 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली आणि तलाव सरकारचे झाले. ही मुक्ती होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एका दिवसात मालक बदलला आणि पाळीवर माती टाकायची जबाबदारी मात्र कोणाच्याच नावावर चढली नाही. सरकारनं पाणीपट्टी मागितली. लोक म्हणाले, निस्तार पत्रकात आमचं पाणी फुकट लिहिलंय. दोघांचंही म्हणणं कागदावर बरोबर. पट्टी नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून पट्टी का द्यायची, असं ते चाक फिरत राहिलं. 1956 ला आपण मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात. 1962 ला जिल्हा परिषदा आल्या आणि लहान तलाव त्यांच्याकडे गेले. पुढे इटियाडोहासारखी धरणं झाली, विहिरी आणि पंप आले. हस्ताच्या पावसाची भीती थोडी कमी झाली आणि तलावाची आठवणही.

माझ्या धंद्यात असं नेहमी होतं. जुनी प्रणाली नव्या कंपनीकडे येते, सगळं हस्तांतरित होतं, फक्त ती रोज रात्री कोण तपासायचा हे कुठेच लिहिलेलं नसतं. सहा महिन्यांनी ती बंद पडते आणि सगळे म्हणतात, जुनीच वाईट होती.

एक गोष्ट वाचून मी खुर्चीत ताठ बसले. 2017 चे पाणथळ जागांचे नियम आहेत. त्यांच्या व्याख्येतून भातशेती वगळली आहे आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले तलावही वगळले आहेत. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास. तो चरतो मामा तलावाच्या उथळ कडेला आणि घरटं करतो धानाच्या बांधीत, धानाच्याच काड्यांचं. म्हणजे त्याची दोन्ही घरं त्या व्याख्येबाहेर. ती राहिली आहेत ती घरट्याभोवतीचं धान सोडून देणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. आणि आपल्याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर बायामाणसांनी तलावातली बेशरम उपटून हायड्रिलासारख्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, गावठी मासे परत यावेत म्हणून. आपल्या वर्गातल्या दोघींचे भाऊ त्यात चिखलात उभे होते. आपण तेव्हा पेव्हर ब्लॉकचे रंग निवडत होतो.

आता अवघड भाग. आराखड्यासाठी मी जुना बंदोबस्त नकाशा स्कॅन करून उपग्रहाच्या चित्रावर बसवला. नकाशातला तलाव आजच्यापेक्षा बराच मोठा निघाला. पश्चिमेची कड आत सरकत गेली आहे आणि तिथे आता बांध्या आहेत. कोणाच्या ते एकेक ओळखू लागले. तिसरी बांधी आमची. पाऊण एकर, आबाजींनी केलेली. सातबाऱ्यावर ती नाही, कधीच नव्हती. लहानपणी त्याच बांधीत मी रोवणी करायला शिकले, आणि तिच्या धानाचा पहिला लोंबा आमच्या देव्हाऱ्यात असायचा.

आबाजींना मी चोर म्हणणार नाही. 1951 नंतर कड उघडी पडत होती, विचारणारं कोणी नव्हतं आणि घरात खाणारी तोंडं नऊ होती. पण मालगुजारानं तलाव लुटला, सरकारनं बुडवला, अशी भाषणं आमच्या ओसरीवर मी वर्षानुवर्षं ऐकली आहेत, आणि ती बांधी ओसरीवरून दिसते.

काकांना फोनवर सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "आमची बांधी पुण्यात बसून मोजते काय व बाई? सगळ्यांच्या मोज." त्यात चूक काय होती? मी मोजल्याही. एकूण चौदा बांध्या आहेत आणि त्यांतल्या पाच आपल्या बॅचमधल्या घरांच्या आहेत. नावं इथे देत नाही. नकाशा मेळाव्याच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात लावणार आहे, नावांशिवाय. ज्याची त्याला ओळखता येईल.

सुशोभीकरणाचे पैसे अजून खर्च झालेले नाहीत. तुडूम दुरुस्त करायला, सांडव्यातली बेशरम काढायला आणि उन्हाळ्यात वरचा गाळ ट्रॅक्टरनं काढून ज्याला हवा त्याच्या शेतात टाकायला काय लागेल याचा अंदाज मी काढला आहे. ढिवरांच्या संस्थेशी आणि ग्रामपंचायतीशी बोलल्याशिवाय त्यातलं काही करता येणार नाही आणि करूही नये. पेव्हर ब्लॉक हवेच असतील, तर शाळेच्या अंगणात टाकू.

आमची बांधी यंदा पडीत आहे. भावानं पऱ्हेच टाकले नाहीत. जुलैच्या पावसात तलावाचं पाणी धुऱ्यावरून आत आलं, असं त्यानं फोटो पाठवून कळवलं. फोटोत गुडघाभर पाणी आहे आणि दोन बगळे. काका अजून माझ्याशी बोलत नाहीत.