पॅरिश शाळा (गोवा)

गोव्यातील कॅथलिक चर्चच्या आश्रयाने चालणारी, धर्मशिक्षण, अक्षरओळख व संगीत एकत्र देणारी गावातली प्राथमिक शाळा.

पोर्तुगिजांनी 1510 मध्ये गोवा जिंकल्यावर मिशनऱ्यांनी 16व्या शतकात चर्चलगत अशा शाळा काढल्या. काही गावांत खर्चाचा वाटा गावकरी या ग्रामसंस्थेने उचलला (पहा : गावकरी संस्था).

शिकवणारा ‘मेस्त’ हाच चर्चचा गायनप्रमुख. मूल आधी ‘दो, रे, मि’ हे स्वर हाताने ताल धरत गाऊन पक्के करी. व्हायोलिन हाती येई ते त्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा, कारण त्यामुळे न ऐकलेली रचनाही नुसत्या स्वरलिपीवरून वाचता येई. जोडीला धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ करणे आणि लॅटिन स्तोत्रे असत. हीच मुले मिस्सेला, नोव्हेनाला व गावच्या फेस्ताला गात-वाजवत. शाळेतला धडा असा थेट गावाच्या उपासनेत उतरे (पहा : फेस्त).

मुंबईच्या चित्रपटसंगीताला स्वरलिपी वाचणारे वादक मिळाले, ते मोठ्या प्रमाणात या परंपरेतून. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे चर्चच्या गायनप्रमुखाचे पुत्र. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले (पहा : चित्रपटसंगीत).