लस कुणाच्या दंडातून आली?



२०२१ च्या एप्रिलात आमच्या अभ्यासवर्गाच्या बैठका फोनवर चालायच्या. विषय ठरला होता जयंतीचा, पण बोलणं गेलं लसीवर. आम्ही सहा जण होतो, त्यातल्या चौघांनी लस घेतली नव्हती. एक मित्र, जो चळवळीत माझ्यापेक्षा जुना आणि वाचनानेही मोठा आहे, तो म्हणाला, "ताई, आपल्या लोकांवर आजवर प्रयोगच झालेत. आधी ही सुई त्यांच्या पोरांना टोचू दे, मग बघू." दुसऱ्याने टस्केगीचं नाव घेतलं. एका मैत्रिणीने विचारलं, की युरोपात रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून जी लस थांबवली, ती आपल्या माथी का मारतात?

मी भांडले. पण खरं सांगायचं तर आतून मीही डगमगले होते. माझी आई ठेकेदाराकडे सफाईचं काम करते. तिला फेब्रुवारीतच लस टोचली होती. कुठली लस, असं विचारलं तर म्हणाली, "मला काय माहीत बाई. मुकादमाने यादी वाचली, रांगेत उभं राहिलो, टोचलं." दोन दिवस अंग मोडून आलं, पुढे काही झालं नाही. पण "मला काय माहीत" हे तिचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या वाक्याचा माग काढत मी पुढचे काही महिने जमेल तेवढं वाचलं. हा लेख त्यातून आला आहे.

देवीच्या रोगापासून सुरुवात करू. आपल्याकडे रोगालाच देवी म्हणत आणि लस टोचण्याला 'देवी काढणं'. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावरचे ते गोल वण आठवा. मुंबईत ही लस बगदाद-बसऱ्यामार्गे आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागू पडली. ती कुणा लाटसाहेबाची मुलगी नव्हती, एका नोकरमाणसाची होती. तिच्या दंडावरच्या फोडातून लस काढून पुढची मुलं टोचली गेली. तेव्हा बाटल्या नव्हत्या, बर्फाच्या पेट्या नव्हत्या. माणसाचा दंड हीच बाटली. एका मुलाला टोचायचं, आठवडाभराने फोड भरला की तो उघडून त्यातलं पाणी दुसऱ्या मुलाच्या दंडात घालायचं. जखमेतून पाझरतं त्यालाही आपण लसच म्हणतो, नाही का?

आता ह्या पद्धतीत जात घाला. एकोणिसाव्या शतकभर सवर्ण आई-बापांची तक्रार एकच: ही लस कुणाच्या पोराच्या दंडातून आली? अस्पृश्याच्या मुलाच्या अंगातलं पाणी आमच्या मुलाच्या अंगात जाणार, म्हणजे बाटणार. मुलगा देवीने मेला तरी चालेल, बाटता कामा नये. आणि दुसऱ्या बाजूला ही लस वाहून नेण्यासाठी जी मुलं गावोगाव फिरवली जात, ती बहुतेक गरिबांची, खालच्या मानलेल्या जातींची. त्यांचा भरलेला फोड पुन्हा उघडला जाई, ते दुखे, चिघळे. टोचणारा माणूस गावात आला की त्यांच्या आया मुलांना लपवत.

इतिहासाच्या पुस्तकांत ह्या दोघांनाही एकाच गाठोड्यात बांधतात आणि वर चिठ्ठी लावतात, 'लोकांची अंधश्रद्धा'. माझा आक्षेप इथे आहे. एकाला विटाळाची भीती होती, म्हणजे आपला दर्जा जाण्याची. दुसरीला आपलं मूल सरकारी भांडं म्हणून वापरलं जाण्याची भीती होती. पहिल्याकडे सत्ता होती, दुसरीकडे लपवण्यापलीकडे काही नव्हतं. दोघांनीही 'नको'च म्हटलं, म्हणून दोघांचं म्हणणं एक होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीकडे वासरांवर तयार केलेली लस आली आणि दंडातून दंडात टोचणं मागे पडलं. तेव्हा वासराच्या नावाने नवी ओरड झाली, ती कोणी केली हे वेगळं सांगायला नको.

मग आला प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. सरकार घाबरलं, घराघरांत शिरून माणसं उचलू लागलं. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. त्या वेळी पालिका आयुक्त स्नो यांना सगळ्यात मोठी धास्ती कसली होती? हलालखोर, म्हणजे मैला उचलणारे सफाई कामगार, शहर सोडून पळतील ह्याची. ते गेले तर मुंबई आठ दिवस टिकणार नव्हती. ज्यांना माणूस म्हणून कोणी विचारत नव्हतं, त्यांच्या पळण्याच्या भीतीने साहेबाची झोप उडाली होती. माझ्या आईला पहिल्या यादीत लस का मिळाली, हे मला तिथे कळलं.

वाल्देमार हाफकिन हा ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ. रशियात ज्यू म्हणून दारं बंद झालेला माणूस. त्याने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथल्या सुमारे निम्म्या कैद्यांनी लस घेतली. पुढे लस न घेतलेल्यांत बारा जणांना प्लेग झाला, त्यातले सहा मेले. घेतलेल्यांत दोघांना झाला, मेला कोणी नाही. म्हणजे लस चालत होती. पूर्ण नाही, पण चालत होती. आणि तुरुंगातल्या माणसाच्या 'हो' ला किती अर्थ असतो, हा प्रश्नही तिथेच उभा होता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि आमच्या फोनवरच्या वादात नेमकं हेच कुणाला मान्य करायचं नव्हतं, मलासुद्धा.

त्याच मार्चमध्ये पुण्यात सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेतलं आणि डॉ. यशवंतरावांच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला. माई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. हाफकिनने स्वतःला टोचून घेतल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. पुण्याच्या प्लेगचा इतिहास आपल्याला शाळेत शिकवला गेला तो रँड आणि चाफेकरांचा: घरात बूट घालून शिरणारे सोल्जर आणि २२ जूनच्या गोळ्या. सोल्जरांचा जुलूम खोटा नव्हता. पण महारवाड्यातल्या रोग्याला दवाखान्यापर्यंत कोण नेणार, हा प्रश्न त्या इतिहासात येतच नाही. माईंनी ना सरकारच्या जबरदस्तीची वाट धरली, ना 'दवाखाना नको' म्हणणाऱ्यांची. त्यांनी आपला दवाखाना काढला.

सुरक्षिततेचं काय? तेही बोलू. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना प्लेगची लस दिली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिनला दोषी धरून कामावरून दूर केलं. पुढे बाहेर आलं ते असं: सगळे १९ जण एकाच बाटलीतून, ५३एन क्रमांकाच्या, टोचलेले होते. उरलेल्या बाटल्यांमधून टोचलेल्या ८८ जणांना काही झालं नाही. ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला, असा पुरावा होता. रोनाल्ड रॉससारख्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न लावून धरला आणि १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरला. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. त्या १९ जणांची नावं मात्र मला कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आता टस्केगी. आपल्या पोरांमध्ये ह्याची चुकीची आवृत्ती फिरते, की काळ्या लोकांना रोगाचं इंजेक्शन दिलं. तसं झालं नव्हतं. अलाबामात १९३२ पासून १९७२ पर्यंत अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या ३९९ काळ्या पुरुषांना नुसतं 'पाहिलं'. पेनिसिलीन हा उपाय सगळीकडे मिळू लागल्यावरही त्यांना तो दिला नाही, रोगाचं खरं नावही सांगितलं नाही. म्हणजे तिथला गुन्हा औषध टोचल्याचा नाही, औषध रोखून धरल्याचा आहे. टस्केगीवरून 'औषध घेऊ नका' असा धडा काढणं म्हणजे त्या माणसांवर जे लादलं गेलं, ते आपणच आपल्यावर लादून घेणं. ज्या ब्लॅक पँथरवरून १९७२ मध्ये आपल्या दलित पँथरने नाव घेतलं, त्यांनी काय केलं होतं? वस्त्यांत मोफत दवाखाने काढले आणि सिकलसेलच्या तपासण्या केल्या. विदर्भातल्या आपल्या लोकांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

मित्राचं म्हणणं मी उडवून लावत नाही, कारण त्याच्याकडे ताजे पुरावे होते. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत सुमारे २४ हजार मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस दिली. खम्ममच्या बहुतेक मुली आदिवासी, दलित, वसतिगृहात राहणाऱ्या. सात मुली मरण पावल्या आणि एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही. कुणी बुडाली होती, कुणाला साप चावला होता. पण २०१३ च्या संसदीय समितीच्या अहवालात संमतीपत्रांबद्दल जे आहे ते वाचा. आंध्रातल्या तपासलेल्या ९,५४३ अर्जांपैकी २,७६३ वर पालकांच्या जागी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या, १,९४८ वर नुसते अंगठे. लस चांगली आहे, जगभर वापरली जाते. आणि आदिवासी मुलीच्या आई-बापाला विचारायची गरज कुणाला वाटली नाही. कोव्हॅक्सिनला ३ जानेवारी २०२१ रोजी परवानगी दिली तेव्हा तिसऱ्या टप्प्याचे परिणाम हातात नव्हते. भोपाळमध्ये वायुपीडित वस्त्यांतल्या लोकांनी तक्रार केली, की ही चाचणी आहे हेच आम्हाला सांगितलं नाही. संशय व्हॉट्सॲपने निर्माण केला म्हणणाऱ्यांनी हेही मोजावं.

मैत्रिणीच्या प्रश्नालाही उत्तर आहे. गुठळ्यांचा धोका खरा होता, फार विरळ होता, आणि २०२४ मध्ये कंपनीने ब्रिटनच्या न्यायालयात तो मान्य केला. लसीने संसर्ग पूर्ण थांबला नाही, पण गंभीर आजार आणि मृत्यू घटले. हे असंच सरळ सांगितलं असतं, तर आमचे लोक समजून घेण्याइतके शहाणे आहेत. 'काहीही होत नाही' असं छातीठोक सांगितलं, म्हणून एक बातमी आली की सगळंच खोटं वाटू लागलं.

आणि रोग कुणाला मारतो? १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबईत ज्यांची नोंद खालच्या जातीचे हिंदू अशी झाली, त्यांच्यात हजारी ६१.६ माणसं मेली. इतर हिंदूंत १८.९, युरोपियनांत ८.३. विषाणू जात विचारत नाही, पण खोली केवढी, खिडकी आहे का, दवाखाना किती लांब, हे सगळं जातच ठरवते. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवराने लेकरं गेली, तेव्हाही नकाशा हाच होता. २०२१ च्या मे महिन्यात आमच्या वस्तीतल्या तरुणांना 'लसीला घाबरणारे' म्हटलं जात होतं. त्याच वेळी ॲपवर नाव नोंदवल्याशिवाय १८ ते ४४ वयाच्या माणसाला लसच मिळत नव्हती. रात्री मोबाईल घेऊन स्लॉट शोधत बसणाऱ्या पोरांना मी पाहिलंय. घाबरणारे आणि न मिळणारे एकाच आकड्यात मोजले गेले.

त्या जुन्या मित्राने पुढे पावसाळ्यात विहारातल्या शिबिरात लस घेतली, माझ्याशी वाद चालू ठेवूनच. गेल्या वर्षी त्याची मुलगी नऊ महिन्यांची झाली. गोवर-रुबेलाच्या लसीसाठी तो तिला घेऊन आरोग्य केंद्रात गेला आणि ताईंना म्हणाला, कार्डावर बाटलीचा बॅच नंबर लिहा. ताई आधी चिडल्या, इतक्या गर्दीत हे काय नवीन. मग बाटली उलटी करून त्यांनी नंबर लिहिला. मागच्या रांगेतल्या एका बाईनेही आपलं कार्ड पुढे केलं. रात्री त्याचा फोन आला, पोरगी तापली आहे. डॉक्टरांनी सांगितलेलं तापाचं औषध दे आणि उद्या सकाळी कळव, एवढंच मी म्हटलं. सकाळी त्याने फोटो पाठवला. पोरगी हसत होती आणि हातात ते कार्ड चघळत होती.