लाखोळीची डाळ आणि सरासरीचा हिशेब

लखनौची रेसिडेन्सी पाहायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात १८५७ चा वेढा असतो. माझ्या कार्यालयापासून ती वास्तू फार दूर नाही. हिवाळ्यात संध्याकाळी तेथे फेरी मारताना मला मात्र वेढ्यापेक्षा एका डाळीची आठवण अधिक होते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना हा संबंध चमत्कारिक वाटेल, म्हणून तो आधी उलगडून सांगतो.

१८४९ मध्ये विल्यम स्लीमन हे रेसिडेंट म्हणून लखनौस आले. ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून त्यांचे नाव इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत आहे. अवधच्या दौऱ्याची त्यांची दैनंदिनीही प्रसिद्ध आहे. परंतु त्याआधी, १८४४ मध्ये, त्यांनी आपल्या मध्य भारतातील अनुभवांचे पुस्तक छापले होते. त्यात सागर भागातील एका गावच्या मुक्कामाची हकीगत आहे. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांचे सागर. १८१८ पर्यंत तेथे मराठी अंमल होता. स्लीमन लिहितात की १८२९ मध्ये गारपिटीने गहू गेला, १८३० मध्ये वेळेवर पाऊस न झाल्याने गेला आणि १८३१ मध्ये रोगाने गेला. या तीन वर्षांत गव्हात आपोआप उगवणारी एक शेंगवर्गीय वनस्पती मात्र जोमाने वाढली. एरवी तिचा पाला जनावरांना घालीत. आता लोकांनी तिचे दाणे खाऊन दिवस काढले. १८३३ पासून तिशीच्या आतील तरुणांचे पाय कमरेखाली एकाएकी लुळे पडू लागले. गावातील जवळजवळ निम्मी तरुण मंडळी या रोगाने ग्रासली. एकदा पाय गेलेला कोणी बरा झाल्याचे आढळले नाही. स्लीमन यांच्या तंबूभोवती ही मुले उपाय विचारीत गोळा झाली होती आणि त्यांच्यापाशी उपाय नव्हता.

ती वनस्पती बुंदेलखंडात तेवरी, छत्तीसगडात तिवरा, उत्तर प्रदेशात आणि बिहारात खेसारी, तर आपल्या पूर्व विदर्भात लाख, लाखोरी किंवा लाखोळी या नावाने ओळखली जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भातपट्ट्यात धान कापणीला येण्यापूर्वी बांधीतल्या ओलाव्यातच तिचे बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी देणे नाही. माझे आजोळ भंडाऱ्याकडचे. कोवळ्या लाखोळीची भाजी आणि उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेला तिचा पाला मी लहानपणी खाल्ला आहे. त्या घरात कोणाचे पाय गेले नाहीत. सागरच्या गावात निम्म्या तरुणांचे गेले आणि आजोळच्या घरात एकाचेही नाही, हे कसे, हा प्रश्न मला फार उशिरा पडला.

रोगाची ओळख जुनीच आहे. आयुर्वेदात ‘कलायखंज’ हे रोगनाम आहे. कलाय म्हणजे या वर्गातील कडधान्य आणि खंज म्हणजे लंगडा. युरोपात १६७१ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकने या दाण्याचे पीठ पावात मिसळण्यास मनाई केली. १८११-१२ मध्ये माद्रिदमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा लोक याच पिठाच्या कांजीवर जगले. चित्रकार गोयाच्या एका मुद्राचित्रात कांजीभोवती जमलेली माणसे आणि जमिनीवर पडलेली, पाय गेलेली स्त्री आहे. अलाहाबाद जिल्ह्यात जेम्स अर्व्हिंग या सिव्हिल सर्जनने १८५९ मध्ये खेसारी आणि लुळेपणा यांचा संबंध दाखवणारा अहवाल प्रसिद्ध केला. १८७३ मध्ये नेपल्सच्या कान्तानी यांनी रोगाला ‘लॅथिरिझम’ हे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धात रुमानियाच्या ताब्यातील वाप्न्यार्का छावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम हाच दाणा दिला जाई. काही आठवड्यांतच त्यांचे पाय जड होऊ लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी रोग ओळखला.

या सर्व प्रसंगांत दाणा तोच आहे, आणि आणखी एक गोष्ट तीच आहे. प्रत्येक ठिकाणी खाणाऱ्यापुढे दुसरे काही नव्हते.

स्वतंत्र भारतात मध्य प्रदेशातील रीवा-सतना भाग या रोगाचे मुख्य ठाणे होते. शेतगड्याला मजुरी धान्यात मिळे आणि ते धान्य बहुधा खेसारी किंवा खेसारीमिश्रित असे. १९६१ मध्ये केंद्राने अन्न भेसळ प्रतिबंधक नियमांत ४४-अ हा नियम घातला. त्याने खेसारी आणि तिच्यापासून केलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. पण ही मनाई ज्या त्या राज्याने अधिसूचना काढल्याच्या तारखेपासून लागू व्हायची होती. काही राज्यांनी ती काढली, काहींनी काढलीच नाही. लागवडीवर बंदी नव्हती. म्हणजे शेतात पीक कायदेशीर आणि दुकानात डाळ बेकायदेशीर, अशी स्थिती अनेक ठिकाणी निर्माण झाली.

प्रशासनाच्या दृष्टीने या नियमातील खरी उणीव वेगळी होती. अन्न निरीक्षक नमुना घेतो तो दुकानातून. रीवाच्या गड्याची मजुरी मालकाच्या अंगणात मापली जाई. तेथे दुकान नव्हते, पावती नव्हती आणि निरीक्षकही नव्हता. ज्याला संरक्षण हवे होते त्याच्यापर्यंत नियम पोचत नव्हता. जो तुरीच्या डाळीत किंवा बेसनात मिसळलेली खेसारी अधूनमधून, अजाणता खात होता त्या शहरी गिऱ्हाइकापर्यंत तो पोचत होता. भेसळ ही फसवणूक आहेच आणि ती रोखलीच पाहिजे. पण पाय जात होते ते या गिऱ्हाइकाचे नव्हेत.

विष कोणते, हे १९६४ मध्ये कळले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा आणि शर्मा यांनी, आणि त्याच सुमारास दिल्लीच्या संशोधकांनीही स्वतंत्रपणे, दाण्यातील ते अमिनो आम्ल वेगळे केले. आज त्याला ओडॅप म्हणतात. पायांच्या हालचालीचे नियंत्रण करणाऱ्या मज्जातंतूंना ते इजा करते. बुद्धी शाबूत राहते, संवेदना शाबूत राहते, आयुष्यही फारसे घटत नाही. माणूस उरलेली सारी वर्षे काठीवर किंवा हातांवर काढतो. आहारातील एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक वाटा या दाण्याचा झाला आणि हे दोन-तीन महिने चालले, की धोका उभा राहतो, असे सामान्यतः मानले जाते. डाळ भिजवून, उकळून पाणी टाकून दिले तर विष बरेच कमी होते. १९९० च्या दशकातील साथीनंतर इथिओपियात झालेल्या अभ्यासांत असे दिसले की बरोबर इतर धान्य, कांदा-लसूण, मसाला खाणाऱ्यांना धोका कमी असतो. पण दुष्काळात पाणीही कमी असते, सरपणही कमी असते आणि मसाला तर नसतोच.

आता माझी चूक सांगतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. स्वस्त डाळींच्या पर्यायांवर एका बैठकीसाठी मला टिपण करावयास सांगितले होते. त्यात लाखोळीचाही उल्लेख आला. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. माझ्या हाताला प्रथम दरडोई सरासरी लागते. मी लिहिले की या डाळीचे सरासरी सेवन अत्यल्प असल्याने आरोग्याचा धोका नगण्य मानता येईल. टिपण पुढे गेले, कोणी हरकत घेतली नाही आणि मीही ते विसरलो.

पुढे लखनौस बदली झाल्यावर १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध वाचनात आला. येथील संजय गांधी स्नातकोत्तर आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. यू. के. मिश्र आणि सहकाऱ्यांनी शेजारच्या उन्नाव जिल्ह्यातील लॅथिरिझमच्या रुग्णांचा त्यात अभ्यास केला होता. स्लीमन यांच्या तंबूला दीडशेहून अधिक वर्षे उलटल्यावर, येथून तासाभराच्या अंतरावर, हा रोग होता. त्यानंतर उन्नावकडे एका योजनेच्या पाहणीस गेलो असता ओट्यावर दोन काठ्या घेऊन बसलेले सत्तरीचे एक गृहस्थ भेटले. पाय पंधरा-सोळाव्या वर्षी गेले, असे ते म्हणाले. मी विचारले, “तेव्हा खेसारीची डाळ खात होतात का?” त्यांनी शांतपणे दुरुस्ती केली, “दाल नहीं थी बाबूजी, वही खाना था।”

मला माझे टिपण आठवले. शंभर माणसांच्या गावात नव्वद जण लाखोळी क्वचित, वडे-भज्यांपुरती खातात आणि दहा जण रोज ४०० ग्रॅम तीच खातात, असे समजा. गावाची सरासरी चाळीस ग्रॅमच्या आसपास येईल. ती कागदावर निर्धोक दिसेल आणि ते दहा जण पांगळे होतील. अर्थशास्त्रात आम्ही ‘निकृष्ट वस्तू’ शिकतो. उत्पन्न घटते तसतशी तिची मागणी वाढते. म्हणजे या डाळीचा वाटा सर्वांत मोठा असणार तो सर्वांत गरिबाच्या ताटात आणि सर्वांत वाईट वर्षात. हे मला ठाऊक होते, मी ते परीक्षेत लिहिलेही होते. टिपणात मात्र आले नाही.

रोग ओसरला तो मुख्यतः बंदीमुळे, असे मला वाटत नाही. मजुरी रोखीत मिळू लागली, गहू-तांदूळ मुबलक व स्वस्त झाले आणि ताटातील खेसारीचा वाटा आपोआप घटला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील डॉ. अर्जुन खंदारे आणि सहकाऱ्यांनी गोंदिया जिल्ह्यात केलेली पाहणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. लोक लाखोळी खातात, पण थोडी. आणि रोग फारसा उरलेला नाही, असा तिचा आशय आहे. नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला, उपोषणे केली. कोरडवाहू शेतकऱ्याचे बिनखर्चाचे पीक बदनाम केले गेले, ही त्यांची तक्रार निराधार नव्हती. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या समितीने रतन, प्रतीक आणि महातिवरा या कमी विषाच्या वाणांना अनुकूलता दर्शवली, तेव्हा देशभर वाद उसळला. एक बाजू म्हणे डाळ विषारी, दुसरी म्हणे निर्दोष. ती कोणाच्या ताटात किती आणि तिच्यासोबत काय, याची चौकशी त्या वादात फारशी झाली नाही.

तीच चौकशी आज दुसऱ्या रोगांबाबत करावी लागेल. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. तांदूळ आणि गहू हे विष नव्हेत. त्यांनीच लॅथिरिझमला हटवले. पण २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने पात्र व्यक्तीला महिन्याला मिळणारे पाच किलो धान्य हेच ज्याचे जवळजवळ सारे जेवण आहे, त्याच्या ताटात डाळ, भाजी, दूध यांची जागा पुन्हा रिकामी राहते. रोग वेगळा आणि संथ आहे, पण एकाच वस्तूने भरलेले ताट ही गोष्ट ओळखीची आहे. आम्ही अधिकारी कॅलरी मोजतो आणि सरासरी काढतो, कारण तेवढे आकडे हाताशी असतात.

उन्नावच्या त्या गृहस्थांना अपंगत्वाचे निवृत्तिवेतन मिळते, असे मला तेथील कर्मचाऱ्याने सांगितले. आता आहाराविषयी कोणतेही टिपण करताना मी सरासरीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखतो: सर्वांत गरीब दहा टक्के लोकांच्या ताटात या वस्तूचा वाटा किती? बहुतेक वेळा त्या रकान्यात भरायला आकडा मिळत नाही. तरी रकाना मी तसाच ठेवतो, म्हणजे पुढे टिपण वाचणारा निदान तो रिकामा का आहे, हे विचारील.