रविवारच्या पलीकडची मंडळी

कोराडी म्हटले की जगदंबेचे देऊळ आणि वीजकेंद्राची धुरांडी आठवतात. या परिसरातल्या प्रोटेस्टंट परंपरेचा माग काढताना मला मात्र नागपूरकडे वळावे लागले. स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये तेथे आले. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना ते पुरात बुडाले. पुढे कॉलेजला त्यांचे नाव मिळाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेही नागपुरातच.

पण हा झाला संस्थांचा इतिहास. मराठी ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतात ते इमारतीला नव्हे, माणसांना. रविवारची उपासना, ना. वा. टिळकांची भजने, मुलांचा शास्त्रवर्ग, आजाऱ्याच्या घरची प्रार्थना; लहान मंडळी या आठवड्याच्या फेऱ्यावरच टिकते. नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह, दफन सापडते. कुणाच्या उशाशी कोण रात्रभर बसले, ते सापडत नाही. सेवेचा हा इतिहास वृद्धांच्या आठवणीत आहे. तो आताच टिपला नाही, तर आपल्या हाती फक्त तारखा उरतील.