एक थप्पड आणि एक डोळा : ललिता पवारांची गोष्ट

आज इतिहास एका चेहऱ्याचा.

आपल्या खान्देशातून मनमाड ओलांडलं की पैठणीचं येवला लागतं. १९१६ साली तिथे एक मुलगी जन्मली, अंबा. पुढे ती ललिता पवार झाली. आपल्याला त्या खाष्ट सासू म्हणून माहीत. पण आधी त्या नायिका होत्या. हो, नायिका!

मग आलं १९४२. 'जंग-ए-आझादी'चं शूटिंग. सीनमध्ये मास्टर भगवान यांनी त्यांना थोबाडीत मारायची होती. ती खरोखरच जोरात बसली. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, डाव्या डोळ्याला इजा झाली. साधारण तीन वर्षं उपचार चालले. डोळा मात्र बारीकच राहिला. वय अवघं सव्वीस, आणि नायिकेची कामं संपली.

आता जरा कानाच्या पाळीखाली बोट ठेवा. चेहरा हलवणारी नस तिथूनच बाहेर येते आणि गालात पाच फांद्यांमध्ये पसरते. कपाळाला आठ्या, डोळा मिटणं, हसणं, सगळं तिच्याच हुकमाने. ती दुखावली की डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो, चहा ओघळतो. लंडनच्या चार्ल्स बेल यांनी १८२१ साली या नसेचं काम मांडलं. म्हणून अचानक तोंड वाकडं होण्याच्या एका आजाराला आजही 'बेल्स पाल्सी' म्हणतात. आपल्याकडे म्हणतात, 'तोंडावरून वारं गेलं.'

ललिताबाई घरी बसल्या नाहीत. 'अनाडी'मधल्या प्रेमळ मिसेस डीसा त्याच डोळ्याच्या, आणि त्यासाठी फिल्मफेअर मिळालं. १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झालं, तेव्हा मंथराही त्याच. एकाच चेहऱ्याने रडवलं आणि रागही आणला. म्हणजे दुष्टपणा डोळ्यात नव्हता, अभिनयात होता!

पण आपण काय शिकलो? वाकडा चेहरा म्हणजे वाईट माणूस. गल्लीत कुणाचं तोंड वाकडं झालं की पोरं चिडवतात. ते माणूस मग लग्नाला जात नाही, फोटोत मागे उभं राहतं.

म्हणून दोनच गोष्टी. तोंड अचानक वाकडं झालं तर वारं उतरायची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. तो पक्षाघातही असू शकतो. आणि बेल्स पाल्सी असली, तरी पहिल्या तीन दिवसांत औषध सुरू झालं तर चेहरा पूर्ववत व्हायची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट, अशा माणसाला हसण्याआधी मिसेस डीसा आठवा.

भेटू पुढच्या भागात!