गोल्फचा चेंडू आणि मैदानाचा वारसा : सेंट अँड्र्यूज व ऑगस्टा यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना :
लेणी, मंदिरे, किल्ले यांच्या जतनाविषयी इतिहासाच्या अभ्यासकांनी विपुल लेखन केले आहे. क्रीडांगण मात्र वारशाच्या चर्चेत अभावानेच येते. याचे एक कारण असे की, बहुतेक खेळांची मैदाने ठरावीक मापाची असतात. एक मोडून दुसरे तयार केले तरी खेळाच्या स्वरूपात फारसा फरक पडत नाही. गोल्फचे तसे नाही. प्रत्येक मैदानाची लांबी, चढउतार, वाळूचे बंकर व वाऱ्याची दिशा निराळी असते आणि खेळाडूचा खरा सामना या मैदानाशीच असतो. साहजिकच काठी व चेंडू बदलले की मैदानाचा अर्थही बदलतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचे ओल्ड कोर्स व अमेरिकेतील ऑगस्टा नॅशनल या दोन मैदानांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पिसांपासून रबरापर्यंत :
ओल्ड कोर्सचा कोणी एक रचनाकार सांगता येत नाही. समुद्रकाठची वाळू, वारा, चरणारी मेंढरे आणि शतकानुशतके खेळणाऱ्यांची पावले यांनी ते घडविले. १७६४ मध्ये तेथील एका फेरीतील होलची संख्या २२ वरून १८ करण्यात आली व पुढे हाच आकडा जगभर रूढ झाला. पूर्वी हे मैदान आजच्या उलट दिशेनेही खेळले जात असे. म्हणजेच ज्या 'मूळ' स्वरूपाच्या रक्षणाची भाषा आज केली जाते, ते स्वरूपही कधी स्थिर नव्हते. ही बाब जतनवादी अभ्यासक पुष्कळदा नजरेआड करतात.

त्या काळी चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू शिवला जाई. तो महाग असे आणि पावसात भिजला की निकामी होई. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून बनणाऱ्या गटापर्चाचा चेंडू आला. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलीस वेष्टन म्हणून वापरला जाणारा पदार्थ तो हाच; साम्राज्याच्या व्यापाराने खेळाच्या मैदानातही प्रवेश केला तो असा. पिसांचे चेंडू बनवणाऱ्या ॲलन रॉबर्टसनने नव्या चेंडूस कडवा विरोध केला. त्यावरून त्याचे आपला सहकारी टॉम मॉरिस याच्याशी बिनसले व १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविक येथे गेला. स्वस्त चेंडूमुळे खेळणारे वाढले आणि अरुंद मैदान अपुरे पडू लागले. ते रुंद करण्याचे काम याच रॉबर्टसनच्या देखरेखीखाली व्हावे, हा इतिहासाचा उपरोधच म्हणावा लागेल. दोन होलांना सामाईक असलेली ओल्ड कोर्सची प्रचंड ग्रीन ही या रुंदीकरणाची देणगी आहे. आज जे 'अभिजात' मानले जाते, त्यातील काही भाग तंत्रज्ञानाच्या दबावातूनच जन्मला आहे.

अमेरिकेतील कोबर्न हॅस्केल याने १८९८ मध्ये रबराचे धागे ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला. १९०२ च्या ओपन स्पर्धेत सँडी हर्डने तो वापरून हॅरी व्हार्डन व जेम्स ब्रेड यांच्यावर एका फटक्याने मात केली. गटापर्चाचे युग जवळपास तेथेच संपले. पुढील काही वर्षांत ओल्ड कोर्सवर नवे बंकर खणले गेले. अनेक मैदानांची लांबी वाढविण्यात आली.

नियमनाचा प्रयत्न :
आर अँड ए व अमेरिकेची युएसजीए या दोन्ही नियामक संस्थांनी १९२१ पासून चेंडूचे वजन १.६२ औंसांहून अधिक व व्यास १.६२ इंचांहून कमी असू नये, असे ठरविले. येथे मैदानाऐवजी चेंडूला आवर घालण्याचा मार्ग निवडला गेला, हे महत्त्वाचे आहे. परंतु हे एकमत टिकले नाही. १९३२ मध्ये अमेरिकेत किमान व्यास १.६८ इंच निश्चित झाला आणि दोन वेगवेगळे चेंडू थेट १९९० पर्यंत चालू राहिले. १९७६ मध्ये युएसजीएने चेंडूच्या एकूण अंतरावर मर्यादा घातली.

तरीही धातूचे ड्रायव्हर, वजनाने हलके शाफ्ट आणि २००० च्या सुमारास प्रचारात आलेले भरीव गाभ्याचे बहुस्तरीय चेंडू यांनी ही मर्यादा व्यवहारात निष्प्रभ केली. पीजीए टूरवरील ड्राइव्हचे सरासरी अंतर १९८० मध्ये सुमारे २५७ यार्ड होते. २००३ मध्ये ते सुमारे २८६ यार्डांवर पोहोचले. पहिल्या फटक्यासाठी २३० यार्डांवर खणलेला बंकर अशा खेळाडूच्या दृष्टीने केवळ शोभेचा उरतो.

ऑगस्टा : कल्पना जपायची की जमीन?
बॉबी जोन्स व ॲलिस्टर मॅकेंझी यांनी घडविलेले ऑगस्टा नॅशनल १९३३ मध्ये खुले झाले. १९२४ मध्ये ओल्ड कोर्सचा प्रसिद्ध नकाशा सिद्ध करणारा मॅकेंझी तो हाच. खेळाडूला वाव भरपूर द्यावा, पण योग्य जागी चेंडू टाकणाऱ्यालाच पुढचा फटका सोपा जावा, हे सूत्र दोघांनी सेंट अँड्र्यूजहूनच घेतले होते. १९९७ मध्ये टायगर वूड्सने येथे २७० फटक्यांत बारा फटक्यांच्या आघाडीने विजय मिळविला. त्यानंतर २००१ मध्ये ६,९८५ यार्डांचे असलेले हे मैदान २००२ मध्ये ७,२७० व २००६ मध्ये ७,४४५ यार्ड करण्यात आले. तेराव्या होलवर ओढ्यापलीकडच्या ग्रीनवर दुसऱ्याच फटक्यात चेंडू टाकण्याचे धाडस करावे की नाही, हा पेच हेच त्या होलचे मर्म. बलवान खेळाडूंपुढे हा पेच उरला नाही, म्हणून २०२३ मध्ये टी ३५ यार्ड मागे नेण्यात आली. त्यासाठी लागणारी जमीन शेजारच्या क्लबकडून विकत घ्यावी लागली. श्रीमंत खाजगी संस्थेला हे परवडते. सर्वसामान्य नगराच्या मैदानाने शेजारची जमीन कोठून आणावी?

सेंट अँड्र्यूजचा वाद :
ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जागा आहे; संसदेच्या कायद्याने १९७४ मध्ये स्थापन झालेला न्यास तिचा कारभार पाहतो आणि रविवारी खेळ बंद ठेवून नागरिक तेथे फिरावयास जातात. २००५ च्या ओपनसाठी हे मैदान ७,२७९ यार्ड केले गेले. २०१० मध्ये सतराव्या 'रोड होल'ची टी जुन्या हद्दीबाहेर नेऊन त्याची लांबी ४५५ वरून ४९५ यार्ड करण्यात आली. जमिनीला मात्र त्यात हात लागला नव्हता. तो नोव्हेंबर २०१२ मध्ये लागला. मार्टिन हॉट्री यांच्या योजनेनुसार काही बंकर हलविण्यात आले आणि अकराव्या ग्रीनचा एक उतार सौम्य करण्यात आला. घोषणेपाठोपाठ काम सुरू झाल्याने अनेक मैदान-रचनाकारांनी जाहीर निषेध केला. अकराव्या ग्रीनचे प्रकरण विशेष बोलके आहे. तेथे दोष काठीचा वा चेंडूचा नव्हता. गवत कापण्याच्या सुधारित यंत्रांमुळे ग्रीन इतकी वेगवान झाली होती की, जुन्या उतारावर चेंडू थांबेना. यंत्राचा वेग कमी करण्याऐवजी उतार कमी करण्यात आला.

लांबीवाचूनही निभाव लागतो, असा प्रतिवाद केला जातो. २०१३ मध्ये मेरियन येथील ७,००० यार्डांहूनही लहान मैदानावर जस्टिन रोज पारपेक्षा एक फटका अधिक खेळून विजयी झाला, हे खरे. परंतु त्यासाठी फेअरवे अरुंद करून कडेचे गवत दाट वाढवावे लागले. सेंट अँड्र्यूजच्या परंपरेत तर रुंदी हेच निर्णयस्वातंत्र्याचे साधन आहे. क्रिकेटमध्ये २०१७ साली बॅटची जाडी नियमाने मर्यादित केली गेली. गोल्फची उपकरण-बाजारपेठ मात्र अशा नियमनास सातत्याने विरोध करीत आली आहे.

नियामक संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये चेंडूच्या चाचणीतील काठीचा वेग ताशी १२० वरून १२५ मैल करून, अंतराची मर्यादा ३१७ यार्ड व तीन यार्डांची सूट अशीच ठेवण्याचे जाहीर केले. अधिक वेगाने मारूनही चेंडूने तेवढेच अंतर कापावे, असा याचा अर्थ. १९२१ नंतर शतकभराने हा मार्ग पुन्हा चोखाळला गेला. ओल्ड कोर्सवरील बांधकाम मात्र थांबलेले नाही. २०२७ च्या ओपनसाठी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या योजनेत सहा होलांची मिळून लांबी १३२ यार्डांनी वाढवून मैदान ७,४४५ यार्ड करण्याचे ठरले. आणि त्याच योजनेत सोळाव्या होलवर 'प्रिन्सिपल्स नोज' या बंकरसमूहाच्या डावीकडून जाणारी जुनी वाट पुन्हा मोकळी करण्याचाही समावेश आहे.